‘फ्लड’ नदीचा आणि ‘फ्लड’ कांद्याचा: कुठे ‘बाय’, कुठे ‘विथ’

प्रश्न लासलगावहून आला आहे. कांदा निर्यातदाराच्या ऑफिसात बसून परदेशी ग्राहकांसाठी रोज इंग्रजीत बाजाराचा अहवाल लिहिणाऱ्या एका ताईंनी विचारलाय. त्यांनी लिहिलं होतं, ‘द मार्केट वॉज फ्लडेड बाय अनियन्स.’ साहेबांनी ‘बाय’ खोडून ‘विथ’ केलं. ताईंचं म्हणणं असं की, मग पावसाळ्यात इंग्रजी पेपरात ‘सायखेडा वॉज फ्लडेड बाय द गोदावरी’ असं येतं ते चूक का? आणि मुळात कांद्याला ‘फ्लड’ म्हणावं का?

साहेबांचंही बरोबर आणि पेपरचंही बरोबर. कांद्याला ‘फ्लड’ म्हणता येतं, पण तुमच्यासारख्या रोजच्या अहवालात ते जपून वापरावं. नाशकात भाषांतराचं आणि इंग्रजी मजकूर तपासायचं काम करताना हे क्रियापद माझ्यासमोर दोन वेळा हमखास येतं: श्रावणाच्या आगेमागे पुराच्या बातम्यांत, आणि कांदा-द्राक्षांच्या हंगामात व्यापाऱ्यांच्या पत्रांत. दोन्हीकडच्या चुका वेगळ्या दिसतात, पण मूळ एकच. पाणी कोण, जमीन कुठली आणि जमिनीला ते झेपलं का, या तिन्हींचा विचार न करता शब्द टाकलेला असतो. अलंकारिक वापरातही हे तिन्ही सुटत नाहीत.

आधी ‘बाय’ आणि ‘विथ’. ‘बाय’ लागतं ते कर्त्याला, म्हणजे ज्याने ती गोष्ट केली त्याला. ‘विथ’ लागतं ते ज्या मालाने जागा भरली त्याला. गोदावरी पात्र सोडून स्वतः गावात शिरली, म्हणून ‘बाय द गोदावरी’. कांदा स्वतः चालत बाजार समितीत आला नाही. तो ट्रॅक्टरमध्ये भरून आणला शेतकऱ्यांनी. कांदा हा भरणारा माल, म्हणून ‘विथ अनियन्स’. पटत नसेल तर वाक्य उलटं करून बघा: ‘फार्मर्स फ्लडेड द मार्केट विथ अनियन्स.’ इथे कर्ता शेतकरी आहे, माल कांदा आहे आणि जमीन म्हणजे बाजार. आता कर्मणी करा, ‘विथ अनियन्स’ जागचं हलत नाही. ‘बाय’ लावायचंच असेल तर ते शेतकऱ्यांना लागेल. पाण्याचंही तसंच: ‘द बेसमेंट वॉज फ्लडेड विथ वॉटर’ चालतं, कारण तिथे पाणी हा भरणारा माल आहे.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर ‘फ्लडेड बाय कॉल्स’ असंही छापलेलं तुम्हाला सापडेल. त्यावर कुणी फाशी देणार नाही. पण रूढ ‘विथ’च आहे आणि माझ्याकडे आलेल्या मजकुरात मी ते बदलतोच.

खऱ्या पुराकडे येऊ, कारण गोंधळाची मुळं तिथे आहेत. मराठीत पूर हे नाम आहे आणि तो नदीला ‘येतो’. गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला, असं आपण नाशिककर म्हणतो. त्यामुळे हातून ‘फ्लड केम टू गोदावरी’ असं उतरतं. इंग्रजीत नदीच ती क्रिया करते: ‘द गोदावरी फ्लडेड.’ नदीच्या नावाआधी ‘द’ विसरायचं नाही. हे क्रियापद तीन तऱ्हांनी चालतं. नदी एकटी: ‘द गोदावरी फ्लडेड इन २००८.’ नदी आणि जागा: ‘द गोदावरी फ्लडेड सराफ बझार.’ जागा एकटी: ‘द बेसमेंट फ्लडेड.’ तिसऱ्या तऱ्हेत आपली माणसं बिचकतात. बेसमेंटने पूर कसा आणला, असं त्यांना वाटतं. त्याने काही आणलं नाही, त्यात पाणी भरलं एवढाच अर्थ. ‘द डोअर ओपन्ड’ म्हणताना दाराने काही केलं असं आपण मानत नाही, तशातलाच प्रकार.

यातला सगळ्यात बारीक आणि कामाचा फरक ‘फ्लड’ आणि ‘इन स्पेट’ यांच्यात आहे. तो मराठीतून छान कळतो. ‘नदी दुथडी भरून वाहत होती’ म्हणजे दोन्ही काठांना टेकून, जोरात, पण पात्रातच. याला ‘द रिव्हर वॉज इन स्पेट’. ‘नदीने पात्र सोडलं’ म्हणजे पाणी काठाबाहेर, कोरड्या जागेत. याला ‘द रिव्हर फ्लडेड’ किंवा ‘द रिव्हर बर्स्ट इट्स बँक्स’. ‘इन फ्लड’ मधल्यामध्ये बसतं आणि दोन्हीकडे खपून जातं. बातमीत मात्र हा फरक पाळलाच पाहिजे, कारण ‘फ्लडेड’ वाचून मुंबई-पुण्यातले नातेवाईक फोन करायला लागतात.

नाशकात गोदावरीच्या रामकुंडावर हा फरक दाखवायला दुतोंड्या मारुतीची मूर्ती उभीच आहे. त्याच्या पायाला पाणी लागलं, कमरेपर्यंत आलं, गळ्याशी आलं, यावरून जुन्या नाशकातली माणसं पुराचा अंदाज बांधतात. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडले हे आता मोबाईलवर येतं, तरी लोक विचारतात ते मारुतीचंच. समजा पाणी कमरेला आहे. घाटावरची लहान मंदिरं पाण्याखाली गेलीत, पण सराफ बाजार कोरडा आहे. इंग्रजीत कसं लिहाल? मी असं लिहीन: ‘द गोदावरी वॉज इन स्पेट ऑन संडे. सेव्हरल स्मॉल टेम्पल्स अॅट रामकुंड वेअर अंडर वॉटर.’ इथे ‘नाशिक वॉज फ्लडेड’ लिहिणारा वार्ताहर खोटं लिहितोय. पाणी आणखी चढून सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरलं की मग ‘वॉटर एंटर्ड द शॉप्स अँड सराफ बझार वॉज फ्लडेड.’ ऑगस्ट २०१९ मध्ये निफाड तालुक्यात सायखेडा, चांदोरीला पाणी शिरलं तेव्हा ‘फ्लडेड’ हा एकच शब्द योग्य होता. ज्यांना घरं सोडावी लागली त्यांच्यासाठी तर नेमका प्रयोग आहे: ‘फॅमिलीज वेअर फ्लडेड आउट.’ पुरामुळे घराबाहेर पडावं लागलं, हा अर्थ तेवढ्या दोन शब्दांत येतो. आपले वार्ताहर तो फारसा वापरत नाहीत याचं मला आश्चर्य वाटतं.

‘स्पेट’चा एक गमतीचा उपयोग जाता जाता सांगतो. ‘अ स्पेट ऑफ चेन स्नॅचिंग्ज’ म्हणजे सोनसाखळी चोऱ्यांचं सत्र. एकापाठोपाठ एक घडणाऱ्या, बहुधा वाईट गोष्टींना ते लागतं. ‘अ स्पेट ऑफ वेडिंग्ज’ लिहिलंत तर वाचणारा गालात हसेल.

धरणाचं वेगळं आहे. धरण ‘ओव्हरफ्लो’ झालं असं आपण मराठीतही म्हणतो आणि इंग्रजीतही तेच बरोबर आहे: ‘द डॅम ओव्हरफ्लोड.’ धरण ‘फ्लड’ होत नाही. जे भरायचंच असतं ते भरून सांडलं की ‘ओव्हरफ्लो’. जे कोरडं राहायला हवं होतं तिथे पाणी आलं की ‘फ्लड’. धरण ओव्हरफ्लो होतं आणि खालची गावं फ्लड होतात. हाच भेद अलंकारिक वापरातही टिकतो. कालिदास कलामंदिरात खुर्च्या भरून लोक जिन्यावर बसले तर ‘द हॉल वॉज ओव्हरफ्लोइंग’, कारण सभागृह भरण्यासाठीच असतं.

पावसात द्वारका चौकात पाणी साचतं ते ‘वॉटरलॉगिंग’. नदीचा त्यात हात नसतो आणि तासाभरात ते ओसरतं. गुडघ्याच्या वर गेलं तर ‘फ्लडेड’ म्हणायला हरकत नाही.

‘बुडालं’ या मराठी शब्दाने मात्र फार घोटाळे केलेत. आपल्याकडे घर बुडतं, पीक बुडतं, पैसे बुडतात, शाळा बुडते आणि माणूसही बुडतो. इंग्रजीत ‘ड्राउन’ जीव असलेल्याचं होतं, म्हणजे श्वास कोंडून मरण. त्यामुळे ‘माय हाउस ड्राउन्ड’ नाही, ‘माय हाउस वॉज फ्लडेड’. छपरापर्यंत पाणी गेलं तर ‘सबमर्ज्ड’. पिकाला ‘द क्रॉप वॉज लॉस्ट इन द फ्लड’. आणि हे नीट लक्षात ठेवा, ‘ही ड्राउन्ड’ म्हणजे तो गेला. ‘ही ड्राउन्ड बट वॉज सेव्ह्ड’ असं एका अर्जात वाचलं होतं. तिथे ‘ही निअरली ड्राउन्ड’ हवं होतं. विम्याच्या कागदात असली चूक महागात पडते.

आणखी एक गोष्ट. ‘फ्लड’ नेहमी संकटच असतं असं नाही. इगतपुरीकडे भाताची आवणी करताना खाचरात मुद्दाम पाणी भरतात. ते ‘टू फ्लड द पॅडी फील्ड’. ठिबक येण्याआधी सगळीकडे मोकाट पाणी द्यायचे, त्याला ‘फ्लड इरिगेशन’. द्राक्षबागेवर इंग्रजीत लिहिणाऱ्या कृषी पदवीधरांना हा शब्द माहीत असतो. मग ते ‘द व्हिनयार्ड वॉज फ्लडेड’ लिहितात, आणि पाणी दिलं की बाग पाण्यात गेली हे वाचणाऱ्याला कळत नाही. तिथे स्पष्ट लिहावं: ‘वी युज्ड फ्लड इरिगेशन’ किंवा ‘द व्हिनयार्ड वॉज फ्लडेड आफ्टर हेवी रेन’. जुन्या स्कूटरचा चोक ओढून ओढून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त झालं की गाडी सुरू होत नाही, तिथेही इंग्रजीत ‘द इंजिन इज फ्लडेड’ म्हणतात. मेकॅनिक ‘पेट्रोल ओव्हर झालं’ म्हणतो ते हेच.

आता तुमच्या कांद्याकडे वळू, कारण खरी गोम इथे आहे.

‘फ्लडेड विथ अनियन्स’ म्हणजे नुसती भरपूर आवक नव्हे. बाजाराला झेपेल त्यापेक्षा जास्त आणि थोड्या वेळात आलेली आवक. वाचणारा व्यापारी त्यातून लगेच पुढचं वाक्य स्वतःच वाचतो: भाव पडले असणार. तुमचा दुबईचा किंवा कोलंबोचा ग्राहक तो शब्द वाचून दुसऱ्या दिवशी कमी भावाची ऑफर पाठवेल. लाल कांदा जोरात असताना रांगडा, म्हणजे उशिराच्या खरिपाचा कांदाही येऊन धडकला, समितीच्या बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरची रांग लागली, लिलाव आटोपेनात आणि भाव खरंच कोसळले, अशा दिवशी ‘फ्लडेड’ लिहा, शोभून दिसेल. एरवी व्यापाराचा आपला साधा शब्द आहे: ‘अरायव्हल्स’. ‘अरायव्हल्स वेअर हेवी’, ‘अरायव्हल्स रोज’, ‘अरायव्हल्स वेअर स्टेडी’. पुढे क्विंटलचा आकडा टाका. आकडा असला की अलंकाराची गरज बहुतेक वेळा उरत नाही. तुमच्या साहेबांनी ‘बाय’चं ‘विथ’ केलं ते ठीक, पण मी असतो तर ‘फ्लडेड’लाच आधी हात घातला असता.

द्राक्षाच्या एका निर्यातदाराचं पत्र यासाठी कायम आठवतं. परदेशी खरेदीदाराला आपला माल किती लोकप्रिय आहे हे सांगायचं होतं, आणि लिहिलं होतं, ‘द युरोपियन मार्केट इज फ्लडेड विथ अवर ग्रेप्स.’ म्हणजे आमचा माल तिथे इतका झालाय की ठेवायला जागा नाही! वाचणारा म्हणेल, मग तुमच्याकडून आणखी कशाला घेऊ? तिथे ‘अवर ग्रेप्स सेल वेल इन युरोप’ एवढं पुरे होतं. स्वतःच्या मालाला ‘फ्लड’ लावू नये. हा शब्द स्पर्धकाच्या मालासाठी राखून ठेवा. ‘फ्लडेड विथ चीप इम्पोर्ट्स’ असं सगळे लिहितात ते त्यातल्या तक्रारीसाठीच.

अलंकारिक ‘फ्लड’साठी आणखी एक अट आहे. जे येतंय ते ढिगाने यायला हवं. ‘अॅप्लिकेशन्स फ्लडेड इन’ चालतं. ‘थ्री अॅप्लिकेशन्स फ्लडेड इन’ म्हणजे विनोद. मोजता आलं की पूर संपला. म्हणून ‘वी वेअर फ्लडेड विथ १२ कम्प्लेंट्स’ असं लिहू नका, ‘वी रिसीव्ह्ड १२ कम्प्लेंट्स’ लिहा. आणि हळूहळू, महिनाभर रोज थोडंथोडं येत असेल तर ते ‘फ्लड’ नाही, ‘ट्रिकल’ आहे.

भावनांसाठी तो फार सुंदर चालतो, फक्त रचना सांभाळा. ‘मेमरीज केम फ्लडिंग बॅक’ म्हणजे आठवणी एकदम दाटून आल्या. ‘शी वॉज फ्लडेड विथ रिलीफ.’ ‘हर आइज फ्लडेड विथ टिअर्स.’ खिडकी उघडल्यावर ‘लाइट फ्लडेड द रूम.’ यात काही बिघडलेलं नाही, नासधूस नाही, नुसतं भरून जाणं आहे. म्हणजे बाजाराला लावला की शब्द कडू आणि मनाला लावला की बहुधा गोड. हे पाठ करून येत नाही, वाचून येतं.

मराठीतल्या प्रत्येक ‘पाऊस-पाण्याला’ मात्र ‘फ्लड’ लावू नका. आपण कौतुकाचा वर्षाव करतो. इंग्रजीत तिथे ‘शॉवर’: ‘शी वॉज शॉवर्ड विथ प्रेझ.’ आपण प्रश्नांचा भडिमार करतो. तिथे ‘बॉम्बार्ड’: ‘द रिपोर्टर्स बॉम्बार्डेड हिम विथ क्वेश्चन्स.’ भडिमारात नेम धरलेला असतो, पुरात नसतो. आणि ‘आनंदाला उधाण आलं’ याचं शब्दशः काही करायला जाऊ नका. ‘दे वेअर ओव्हरजॉइड’ म्हणा आणि पुढे चला.

माणसांना ‘फ्लड’ लावताना दोनदा विचार करावा. कामासाठी आलेल्यांना आपल्याकडे ‘लोंढे’ म्हणतात, त्यात जो तुच्छपणा आहे तोच इंग्रजीत ‘फ्लडिंग इन’मध्ये येतो. माणसाचं पाणी केलं की तो माणूस राहत नाही, नुसती आपत्ती उरते. चांगले संपादक तो काढून टाकतात, मीही काढतो. नाशकात तर आणखी एक अडचण आहे. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि इंग्रजी मथळे आत्तापासून सुचतायत. ‘डिव्होटीज फ्लड रामकुंड’ हा मथळा कुणीतरी देणारच. रामकुंडाला खरा पूर येतो, तिथे हा शब्द मोकळा राहिलेला नाही. ‘रामकुंड फ्लडेड’ एवढंच मोबाईलवर दिसलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं? ‘डिव्होटीज थ्रॉन्ग रामकुंड’ लिहा. पर्वणीची गर्दी त्यातही मावते.

हाच नियम उलट्या बाजूने: खरा पूर चालू असताना त्याच बातमीत अलंकारिक पूर नको. ‘आफ्टर द फ्लड, द कंट्रोल रूम वॉज फ्लडेड विथ कॉल्स’ वाचून नियंत्रण कक्षातही पाणी शिरलं असं वाटतं. यावर लोक ‘इनंडेटेड’ घालतात, ‘डेल्यूज्ड’ घालतात, ‘स्वॅम्प्ड’ घालतात. पण ही सगळी पाण्याचीच घराणी आहेत. ‘इनंडेट’च्या पोटात लॅटिनमधली लाट आहे, ‘डेल्यूज’ म्हणजे महापूर आणि ‘स्वॅम्प’ म्हणजे दलदल. अशा वेळी पाण्यातून बाहेर यावं: ‘द कंट्रोल रूम रिसीव्ह्ड कॉल्स ऑल नाइट.’ कोरडं वाक्य, पण त्या रात्री कोरडं असणं बरं.

राहिला उच्चार, कारण तुम्ही हे फोनवरही बोलता. शब्दात दोन ‘ओ’ दिसतात म्हणून आपल्याकडे बरेच जण ‘फ्लूड’ म्हणतात. तो ‘फ्लड’ आहे, ‘ब्लड’सारखा. दोन ‘ओ’ असून असा आखूड उच्चार होणारे रोजच्या वापरातले शब्द हे दोनच, बाकी ‘फूड’, ‘मूड’ सगळे वेगळ्या वाटेने जातात. फोनवर ‘द मार्केट इज फ्लूडेड’ ऐकून समोरच्याला ‘फ्लुइड’ ऐकू येतं. भूतकाळात शेवटी ‘-डिड’ असा स्पष्ट आवाज यायला हवा, ‘फ्लड्ड’ नाही. फक्त प्रकाशझोतांचं क्रियापद वेगळं चालतं: नाशकातल्या गोल्फ क्लब मैदानावर रात्रीच्या सामन्यासाठी दिवे लावले तर ‘द ग्राउंड वॉज फ्लडलिट’. तिथे ‘फ्लडेड’ लिहिलंत तर सामना रद्द झाला असं समजून लोक घरीच बसतील.